पाळण्यातलं नाव

महाराजांनी काळकुटे सरांना नावानं हाक मारली, ही बातमी आमच्या कॉलनीत सोमवारी सकाळी साडेसातला पोचली, आणि साडेसात वाजून एक मिनिटाला रामेश्वर तळेकरांना चहाचा ठसका लागला.

हे एक मिनिट अंदाजानं सांगितलेलं नाही. तळेकर मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. अंदाज या गोष्टीचा त्यांना मनापासून तिटकारा. कुठल्या घराची भिंत कुणाच्या अंगावर किती इंच आली आहे, कुणाच्या झाडाची सावली दुपारी चार वाजता कुणाच्या अंगणात पडते आणि कोण कुणाच्या ओट्यावर किती वेळ बसतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. तेहतीस वर्षं जमीन मोजता मोजता माणसं मोजायची सवय लागली. निवृत्तीनंतर जमीन सुटली, माणसं राहिली.

आणि या मोजणीत शेजारचे आदिनाथ काळकुटे सर एकोणीस वर्षं सगळ्या बाजूंनी थोडे थोडे जास्तच भरत होते. कोपऱ्याचा प्लॉट सरांचा. नळाला धार सरांच्या. एकाच नर्सरीतून एकाच दिवशी आणलेल्या दोन केशर आंब्यांपैकी मोहर धरला तो सरांच्या आंब्यानं. तळेकरांच्या आंब्यावर नुसते मुंगळे. सर बाजारात निघाले की जुने विद्यार्थी गाडी थांबवून पाया पडत. तळेकरांना पाहून गाडी थांबायची ती शेताची खूण कुठं पुरली होती ते विचारायला. हे सगळं तळेकरांनी निमूटपणे सोसलं होतं. पण प्रत्यक्ष महाराजांनीही कोपऱ्याचाच प्लॉट पसंत करावा? आता मात्र हद्द झाली होती, आणि हद्दीतलं तळेकरांना कळत होतं.

मांजरसुंब्याच्या पुढं डोंगरात महाराजांचा आश्रम आहे. महाराज प्रवचन करत नाहीत, भविष्य सांगत नाहीत, अंगारा देत नाहीत. समोर वाकलेल्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन हळूच दोन शब्द बोलतात, तळहातावर खडीसाखर ठेवतात, की झालं. मागं टाळ, मृदंग आणि भोंगा असा तिहेरी गजर चालू असतो, त्यामुळं काय बोलले ते ज्याचं त्यालाच.

"मी वाकलो," काळकुटे सर आपल्या ओट्यावर सांगत होते. समोर आप्पाराव होते, गॅस-एजन्सीवाले होते, सरांच्या सुभद्राबाई दारात उभ्या होत्या, आणि कंपाउंडच्या अलीकडे तळेकर त्या मुंगळ्यांच्या आंब्याला बराच वेळ पाणी घालत होते. "वाकलो, आणि महाराज कानात म्हणाले, 'ये...' आणि माझं नाव घेतलं."

"आदिनाथ म्हनले?" आप्पारावांनी विचारलं. आप्पाराव म्हणजे गावाकडचे माजी सरपंच. शेती भावावर सोपवून बीडला राहायला आलेले. दुसऱ्याच्या ओट्यावर बसणं हाच त्यांचा आता पूर्णवेळ व्यवसाय.

"आदिनाथ न्हाई हो. पाळण्यातलं नाव. माझी आई एकटीच त्या नावानं हाक मारायची. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. मग मामानं तेलगावला नेलं. तिथं मी आद्या झालो, हायस्कुलात काळकुटे, आणि नोकरी लागल्यापासून सर. पन्नास वर्षं झाली असतील, त्या नावानं मला कुणी बोलावलं न्हाई. हिलासुद्धा ठाऊक न्हाई."

"न्हाई बाई," सुभद्राबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"काय नाव ते?"

"ते आता सांगवत न्हाई, आप्पाराव," सर म्हणाले. आणि सरांचा आवाज असा काही भरून आला की आप्पारावांनीही, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, पुढचा प्रश्न विचारला नाही.

तळेकरांच्या हातातला पाइप मात्र आंब्यावरून घसरून त्यांच्याच पायजम्यावर आला.

पुढच्या दोन दिवसांत जे घडलं ते तळेकरांच्या मनातल्या मोजणी-नकाशावर असं उमटलं आहे. मंगळवारी गॅस-एजन्सीवाल्यांनी सरांना रस्त्यात वाकून नमस्कार केला. बुधवारी केसरबाई दूधवाली आपली किटली सरांच्या फाटकाला टेकवून आशीर्वाद घेऊन गेली आणि त्या नादात तळेकरांना पावशेर कमी घालून गेली. त्याच दिवशी सर समोरून जाताना तळेकरांच्या धर्मपत्नी वनमालाबाईंनी डोक्यावर पदर घेतला. चौतीस वर्षांच्या संसारात हा पदर तळेकरांसाठी एकदाही वर गेला नव्हता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आप्पारावांची खुर्ची. ही प्लॅस्टिकची लाल खुर्ची नऊ वर्षं तळेकरांच्या ओट्यावर असायची. आप्पाराव त्यात बसून तळेकरांचा पेपर मोठ्यानं वाचत आणि ते तो चुकीचा वाचतात म्हणून तळेकर चिडत. बुधवारी संध्याकाळी ती खुर्ची सरांच्या ओट्यावर दिसली. अंतर एक्केचाळीस फूट. पण एक्केचाळीस फुटांत माणूस किती लांब जातो, हे टेपवर दिसत नाही.

"मी पण जाणार," तळेकर जेवताना म्हणाले.

"कुठं?"

"महाराजांकडं. उद्या, गुरुवारी."

वनमालाबाईंनी भाकरी थापता थापता नवऱ्याकडं पाहिलं. "तुमच्या पोटात दुखायलंय."

"पोटाचा काय संबंध? दर्शनाला जातो माणूस."

"जावा की. पर तुमाला हाक कशानं मारतील म्हाराज? सरांना घरचं नाव तरी हुतं. तुमाला हाय का?"

"न्हाई," तळेकर चटकन म्हणाले आणि वरणात पाण्याचा तांब्या उपडा झाला.

हे खोटं होतं.

इथं एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, जी तळेकरांनी कुणालाच सांगितली नव्हती. तळेकरांच्या आधी त्यांच्या आईची तीन मुलं गेली होती. चौथं झालं तेव्हा आजीनं त्याला उचललं, गोठ्यामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं, आणि शेजारणीला ते 'सापडलं' म्हणून परत आणायला लावलं. असल्या टाकाऊ पोराकडं कुणाची नजर जाणार नाही, हा हिशेब. आणि त्याच दिवशी पाळण्यात नाव ठेवलं, उकिरडा. उकिरडा बाजीराव तळेकर. शाळेत नाव घालताना गुरुजींनाच ते लिहवलं नाही आणि त्यांनी रामेश्वर लावलं. लग्न ठरलं तेव्हा तळेकरांनी आईला शपथ घातली. आई शपथेला जागली आणि नाव घेऊन गेली. आता ते नाव जगात एकट्या तळेकरांना माहीत होतं. महाराज खरोखर अंतर्ज्ञानी असतील तर दोघांना.

म्हणजे पेच असा. महाराजांनी नावानं हाक मारली नाही, तर सर वरचढ. आणि मारली, तर 'ये उकिरड्या'.

रात्रभर दोन्ही पारडी तोलून तळेकर या निष्कर्षाला आले, की हाक तर मारलीच पाहिजे. फक्त हळू मारावी.

गुरुवारी निघेपर्यंत कॉलनीनं सल्ले दिले. एकानं सांगितलं, पांढरे कपडे घाला. दुसऱ्यानं सांगितलं, उपाशी जा. आप्पारावांनी सरांच्या ओट्यावरूनच ओरडून सांगितलं, "तिथं सटवा म्हनून सेवेकरी हाय, आपल्याच भागातला. माझं नाव सांगा, थेट आत सोडतोय का न्हाई बघा!" आणि सर स्वतः फाटकापर्यंत आले. अत्यंत प्रेमानं त्यांनी तळेकरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तळेकर, मन रिकामं ठेवून जा. बाकी सगळं तिथं होतं."

तळेकरांच्या मनात त्या क्षणी काय काय होतं याची यादी दिली तर ही गोष्ट इथंच संपेल.

काळीपिवळी जीपमधे पुढच्या सीटवर चार, मधे पाच, मागं किती ते ड्रायव्हरलाही माहीत नव्हतं. तळेकर मधे, परीटघडीच्या पांढऱ्या सदऱ्यात, मांडीवर पिशवी, शेजारी वनमालाबाई. पिशवीत नारळ, पेढे आणि आधार कार्डाची झेरॉक्स. पालीजवळ गाडी थांबली आणि एक म्हातारी चढली. डोक्यावर घोंगडी, हातात काठी, काखेत करडू.

"सरका वो साहेब, जरा सरका. मेंढरं पोरांवर सोडून आले मी. ह्ये एकटं मागं लागलंय."

"करडू आश्रमात कावून नेताय?" वनमालाबाईंनी विचारलं.

"त्येची आई मेली. मला सोडून ऱ्हात न्हाई. काय म्हनलात?" म्हातारीला ऐकू कमी येत होतं आणि त्यामुळं सगळ्या जगालाच कमी ऐकू येतं अशी तिची समजूत होती. "दगडाबाई! दगडाबाई म्हनत्यात मला!"

वनमालाबाईंनीही तिच्या कानाशी ओरडून आपलं आडनाव सांगितलं. म्हातारीचं नाव ऐकून तळेकर मात्र खिडकीबाहेर पाहू लागले. घाट चढेपर्यंत ते बाहेरच पाहत होते. त्या वेळात करडानं पेढ्यांना तोंड लावलं नाही, नारळाला लावलं नाही. आधार कार्डाची झेरॉक्स मात्र क्रमांकासकट खाल्ली.

"कागद हुता का? कागद त्येला लई आवडतंय," दगडाबाई म्हणाली.

आश्रमाच्या दारात टेबल. टेबलामागं जाड चष्म्याचा, उपरणं घेतलेला सेवेकरी. तळेकरांनी ओळखलं, हाच सटवा.

"आधार."

"ते शेळीनं खाल्लं."

सटवानं मान वर केली. "आजवर लई कारणं ऐकली."

"मी आप्पारावांच्या ओळखीचा आहे."

"कोन आप्पाराव?"

तिथं ओळख संपली. सटवानं टेबलाच्या खणातून एक पिवळा कागद काढला. "आधार नसलं तर ह्यो ब-अर्ज. सगळं नीट लिवा. आन हितं, ह्या रकान्यात, पाळण्यातलं नाव."

तळेकरांचा पेन हवेत राहिला. "ते कशाला?"

"कागदावरचं नाव कुनीबी कुनाचंबी सांगतंय. पाळण्यातलं कुनी खोटं सांगत न्हाई. तपासाला बरं पडतंय. म्हाराजांपतुर सगळं जातंय."

*महाराजांपर्यंत सगळं जातं.* तळेकरांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. तर हा होता तो चमत्कार! सर गेले होते, आधार विसरले असणार, ब-अर्ज भरला असणार, आणि हळव्या माणसाला लिहिलेलं आठवलं नसणार. मग महाराजांनी वाचून हाक मारली आणि इकडं कॉलनीत पदर वर गेले! तळेकरांना इतका आनंद झाला की त्यांनी सटवाला पेढा दिला.

मग त्यांनी रकान्याकडं पाहिलं, आणि दुसरा विचार आला. महाराज जर वाचूनच हाक मारणार असतील, तर काय लिहायचं हे आपल्या हातात आहे. त्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं, 'राजा'. पाहत राहिले. बरं दिसत होतं.

"खोटं लिवलं की हितं कळतंय हां," सटवा दुसऱ्याच कुणाला तरी म्हणाला.

तळेकरांनी 'राजा' खोडलं. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी चुकीची नोंद केली नव्हती, देवाच्या दारात कशी करणार? त्यांनी वर लिहिलं, 'उकिरडा', आणि खाडाखोडीवर रीतसर छोटी सही केली. कागद वनमालाबाईंच्या नजरेस पडणार नाही अशा बेतानं उलटा दिला.

चपला ठेवायच्या जागी दगडाबाईचं करडू बांधायला कुणी घेईना. "जनावर कुणाच्या नावावर?" विचारल्यावर तिनं काठीनं पुढं दाखवलं, "त्ये पांढऱ्या कपड्यातलं साहेब हायेत की संगं. तळेकर साहेब." तिथल्या माणसानं यादी पाहिली, पुरुषांत तळेकर एकच सापडले, आणि करडाच्या गळ्यात त्यांच्या ब-अर्जाचा नंबर अडकवला. तळेकरांना यातलं काही माहीत नव्हतं. ते रांगेत होते.

रांग दोन तास चालली. पुरुषांची डावीकडं, बायकांची उजवीकडं, मधे लोखंडी पाइप. तळेकरांनी पुढची डोकी मोजली, एका दर्शनाला चार सेकंद धरली, आणि आपली पाळी एक वाजून दोन मिनिटांनी येणार असं काढलं. एक वाजता, अवघी काही डोकी उरली असताना, भजन थांबलं आणि भोंगा बोलला.

"बीडहून आलेले उकिरडा बाजीराव तळेकर... आपलं करडू सुटलेलं आहे. ताबडतोब चप्पल विभागात यावं."

 तळेकर समोरच्या खांबाकडं पाहत राहिले. रांगेत हशा पिकला.

"कोन बुवा ह्यो उकिरडा?" मागच्यानं विचारलं.

"असेल कुणीतरी," तळेकर म्हणाले. ते खोटंही नव्हतं.

"उकिरडा बाजीराव तळेकर! आपलं करडू चपला खात आहे!"

पाइपपलीकडं वनमालाबाई शेजारणीला सांगत होत्या, "बघा बाई, आडनाव आमचंच. आन गंमत म्हंजी, बाजीराव तर माझ्या सासऱ्याचं..." वाक्य तिथं थांबलं. मान हळूहळू वळली. बिंदुसरेचं धरण भरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या सावकाश ती वळली, आणि नवऱ्यावर येऊन थांबली.

तळेकर खांब पाहत होते.

तिसऱ्यांदा नाव आलं. चौथ्यांदा आलं, आणि या वेळी घोषणा करणाऱ्याच्या आवाजात वैताग होता, त्यामुळं 'उकिरडा' हा शब्द डोंगरावरून आपटून दोनदा परत आला. आणि चार बायका पुढं उभ्या असलेल्या दगडाबाईला, जिला जवळ बोललेलं ऐकू येत नव्हतं, भोंगा मात्र लख्ख ऐकू आला.

"अवो तळेकर साहेब! तुमालाच बोलवायलेत की! माझं करडू!"

शंभरेक डोकी वळली. तळेकरांनी हात अर्धा वर केला, वर्गात प्रगतिपुस्तक घ्यायला करतात तसा.

"तुमीच व्हय उकिरडा?" दगडाबाईचा चेहरा फुलला. "आगं बया! लई जगनारं नाव. माज्या आदी चार गेल्यावर मला दगडा ठिवलं. बघा, ऐंशी झाले! तुमच्या आदी किती गेली?"

"तीन," तळेकर म्हणाले. हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारला होता, आणि उत्तर आपोआप आलं.

"मंग! त्या नावानंच टिकलात," म्हातारी म्हणाली, आणि दोन बोटं तोंडात घालून तिनं अशी शीळ घातली की मृदंगवाल्याचा ठेका चुकला. करडू कुणाची तरी डावी चप्पल तोंडात घेऊन धावत आलं. प्रश्न मिटला. तळेकरांची अब्रू सोडली तर कुणाचं काही फारसं बिघडलं नाही.

आता दर्शन. डावीकडचा एक, उजवीकडची एक अशी पाळी होती. दगडाबाई पुढं झाली, वाकली. महाराज तिच्या कानाशी काहीतरी बोलले.

"काय?" दगडाबाई ओरडली.

महाराजांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

"माऊली?" दगडाबाईनं सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं विचारलं. "मी माऊली न्हाई, म्हाराज! दगडाबाई!"

महाराज मनापासून हसले. तिच्या हातावर खडीसाखर ठेवली, करडालाही एक खडा दिला.

तळेकर वाकले. छातीत मृदंग वाजत होता. ब-अर्ज. खाडाखोड. उकिरडा. महाराजांचा श्वास कानाशी आला.

"ये, माऊली."

बस्स. खडीसाखर, आणि एव्हाना आत आलेल्या सटवाचा हात पाठीवर, "चला, फुडं." चार सेकंद. अगदी बरोबर.

"माझा अर्ज?" तळेकरांनी जाता जाता विचारलं. "तो महाराजांपर्यंत...?"

"त्यो भोंग्यावाल्याकडं असतोय. हरवलं-सापडलं साठी."

तळेकर बाहेरच्या पायरीवर उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारू लागले. "तुम्हाला काय म्हणाले?" "ये माऊली म्हणले." "तुम्हाला?" "माऊलीच की." एकापाठोपाठ एक अकरा जणांना विचारलं. अकराच्या अकरा माऊली. त्यात नवल वाटलं असा एकही नव्हता. आपल्याकडं वाट विचारणारालाही माऊली म्हणतात. घरी जाऊन ते सांगावं असं कुणाला कशाला वाटेल?

आणि मग, बाराव्याला थांबवताना, तळेकरांना कळलं. मास्तर माणूस. सगळं जग सर म्हणतं. मास्तराला माऊली कोण म्हणणार? काळकुटे सरांचं पाळण्यातलं नाव माऊली होतं!

ब-अर्ज नाही, अंतर्ज्ञान नाही, काही नाही. महाराज सगळ्यांनाच माऊली म्हणतात, आणि हा भला माणूस आपल्यालाच हाक आली म्हणून रडत घरी आला! मांजरसुंब्याला ढाब्यावर चहा पिताना तळेकरांनी वाक्य तयार केलं. 'सर, महाराज सगळ्यांनाच माऊली म्हणतात.' छोटं, सभ्य, आणि थेट हद्दीवर रोवलेल्या दगडासारखं.

गाडी घाट उतरली. पाली गेल्यावर वनमालाबाई म्हणाल्या, "चौतीस वर्सं."

"काय?"

"चौतीस वर्सं राशन कार्डावरच्या मानसासंगं संसार केला मी." आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते बीडच्या स्टँडपर्यंत थांबलं नाही.

संध्याकाळी पाच. सरांच्या ओट्यावर मंडळी वाटच पाहत होती. आप्पाराव लाल खुर्चीतून अर्धे उठले. पण त्याआधी सर पुढं आले, तळेकरांना हाताला धरून आंब्याखाली घेऊन गेले आणि अगदी हळू म्हणाले, "आवाज कसा वाटला महाराजांचा?"

"आवाज?"

"मला आईचा आवाज आठवत नव्हता, तळेकर. चेहरा आठवायचा. फोटो हाय. आवाज गेला होता. त्या दिवशी हाक आली आणि एकदम आठवला. तेव्हापासून रोज येतोय."

तळेकरांनी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर तयार होतं. "सर, महाराज सगळ्यांनाच..."

"सगळ्यांनाच काय?"

आणि नेमका इथं, आयुष्यभर न चुकलेला मोजणीदार अडला. अकरा माणसांना विचारलं. दगडाबाई बारावी, आपण तेरावे. महाराजांनी तेरा जणांना त्याच नावानं हाक मारली, आणि तेरांपैकी एकाचंही ते नव्हतं. दिवसभरात हजार माणूस दुसऱ्याच्या नावानं हाक ऐकून घरी गेलं. हजारांत फक्त एकाला स्वतःच्या नावानं हाक आली. कुठूनही मोजा, कोपऱ्याचा प्लॉट सरांचाच निघत होता. सगळं उघड करूनही निघत होता. तळेकरांच्या पोटात असं काही जळलं की डोळ्यांतून पाणी आलं.

"सगळ्यांनाच चांगलं दर्शन होतं," ते म्हणाले.

"त्ये ऱ्हाऊ द्या हो!" आप्पाराव ओट्यावरून ओरडले. "नावानं हाक मारली का न्हाई, तेवढं बोला!"

तळेकरांनी डोळे पुसले. पाहणाऱ्यांना ती भक्ती वाटली.

"मारली," ते म्हणाले. "चारदा."

आप्पाराव खुर्चीतून पुरते उठले.

"चारदा?" सरांनी विचारलं.

"चारदा. पाळण्यातल्या नावानं. वडलांचं नाव आणि आडनाव लावून."

मागं वनमालाबाईंना जोराचा खोकला आला. यात एकही शब्द खोटा नव्हता, हे फक्त त्यांना आणि एका करडाला माहीत होतं.

"कोनतं नाव?" आप्पाराव कुजबुजले.

"ते सांगवत न्हाई, आप्पाराव."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल खुर्ची एक्केचाळीस फूट परत आली. तळेकर पेपर घेऊन बसले. आप्पाराव तो चुकीचा वाचू लागले. थोड्या वेळानं काळकुटे सर कंपाउंडशी येऊन उभे राहिले. रात्री झोप झालेली दिसत नव्हती.

"तळेकर, एक विचारू? चारदा म्हणजे सलग, का थांबून थांबून?"

"थांबून थांबून."

"आणि वडलांचं नाव... ते आधी का मागून?"

"मधे. नीट रीतीनं."

"हं," सर म्हणाले. "मी गेलो तेव्हा गर्दी होती जरा."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा सरांचा चेहरा तळेकरांच्या मापापेक्षा दोन इंच खाली आला होता. तळेकरांनी तो डोळे भरून पाहिला. अजून पाहिला असता, पण आतून वनमालाबाई आल्या.

"अहो, सिलिंडर संपलाय."

"दुपारी बघतो."

"दुपारी न्हाई. आत्ता." आणि मग अगदी गोड आवाजात, "का घेऊ नाव?"

"घ्या की, वहिनी!" आप्पाराव खुर्चीत सावरून बसले. "लई दिसांनी उखाणा ऐकायला मिळंल!"

सरांनीही कंपाउंडवर दोन्ही हात टेकले.

वनमालाबाईंनी, चौतीस वर्षांत तळेकरांसाठी न घेतलेला पदर डोक्यावर घेतला, घसा खाकरला आणि सुरू केलं,

"डोंगरावरच्या आश्रमात भोंगा वाजला चारदा..."

पुढच्या ओळीचं यमक काय येणार हे तळेकरांना न मोजताच कळलं. ओळ सुरू व्हायच्या आत ते रिकामं सिलिंडर खांद्यावर घेऊन फाटकाबाहेर होते.